‘पात्र’ झाला म्हणजे स्कॉलरशिप लागली असं नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सिडकोत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळे आठवीच्या एनएमएमएसचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठीच्या केंद्राच्या स्कॉलरशिप परीक्षेचा निकाल लागला की निम्मी गर्दी त्याचीच. मागच्या निकालाला एक ताई पेढेच घेऊन आल्या, पोरगा पास झाला, 180 पैकी 96, आता वर्षाला 12 हजार येणार आणि बारावीपर्यंत टेन्शन नाही म्हणून. पेढा हातातच राहिला माझ्या, कारण निवड यादी दोनदा बघितली, त्यात पोराचं नावच नव्हतं.

घोळ इथंच होतो. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 मार्कांचे दोन पेपर, दोन्ही मिळून 40 टक्के म्हणजे 72 पडले की पोरगा पात्र, एससी-एसटीला 32 टक्के. पण अख्ख्या महाराष्ट्राचा कोटा 11,682, तो जिल्हावार आणि कॅटेगरीवार वाटतात आणि मग वरून मेरिट लागतं. शाळेनं मात्र गेटवर फ्लेक्स लावला, पात्र झालेल्या सगळ्यांचे फोटो आणि खाली ‘शिष्यवृत्तीधारक’. ताईंनी त्याचाच फोटो मोबाईलमध्ये दाखवला, हे बघा भाऊ इथं तर लिहिलंय. आता काय बोलणार.

बरं, ज्यांचं नाव लागतं त्यांचंही एवढ्यावर भागत नाही. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरा, पुढं दरवर्षी रिन्यूअल, खातं पोराच्या नावाचं आणि आधारला लिंक, शाळेनं व्हेरिफाय केलं पाहिजे ते वेगळंच, आणि दहावीला 60 टक्के (एससी-एसटीला 55) नाही पडले तर अकरावीपासून बंद. शेवटच्या तारखेला एक वडील अंबडच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर थेट माझ्याकडे, रात्रीचे नऊ वाजलेले, पोरीच्या आधारला नंबर दिंडोरीच्या काकांचा आणि काकांचा फोन स्विच ऑफ. ओटीपी काही मिळाला नाही, मी साडेअकरापर्यंत शटर अर्धं ठेवून बसलो होतो. त्यांना शाळेतून तारीख कळलीच नव्हती म्हणे, खरंखोटं शाळेलाच माहीत.

तुमच्या पेपरात दरवर्षी ‘नाशिकचे इतके विद्यार्थी पात्र’ अशी बातमी येते. तिच्याखाली एवढं छापा की पात्र यादी वेगळी, निवड यादी वेगळी, आणि निवड झाली असेल तर पोर्टलची शेवटची तारीख अमुक. लोक शाळेची नोटीस वाचत नाहीत पण तुमचा पेपर टपरीवर उभं राहून वाचतात.

– एक झेरॉक्सवाला, सिडको, नाशिक