व्हायोलेटाला टीबीच असू दे

मनू बाळा,

तुमच्या 'ला त्राव्हियाता' ऑपेराच्या डिरेक्टरला माझा निरोप दे, तू गातेयस त्या व्हायोलेटाला टीबीनेच मरू दे, आजार बदलू नकोस म्हणावं. काल तू रिहर्सलच्या गडबडीत होतीस म्हणून फोनवर काही बोलले नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

व्हायोलेटा आजची इन्फ्लुएन्सर, पार्टीत सगळे फोन वर धरून उभे, प्रियकर आल्फ्रेदोच्या वडिलांचं, जेर्माँचं, पत्र ती मोबाईलवर वाचते, हे सगळं मला पटलं. बाबा कुरकुरतायत, पण त्यांना नाटक म्हटलं की शालू आणि फेटे लागतातच, त्यांचं सोड. तूच सांगितलंस ना, की 1853 ला व्हेनिसमध्ये संगीतकार वेर्दीलाच ते आपल्या काळातल्या कपड्यांत करायचं होतं आणि थिएटरवाल्यांनी ऐकलं नाही, गोष्ट उचलून 1700 च्या सुमाराला नेऊन ठेवली. मग आता तू जीन्स घालून गायलीस तर वेर्दीच्या मनासारखंच झालं की.

पण "टीबीने हल्ली कोण मरतं" हे डिरेक्टरने कुठून काढलं? जगात अजून वर्षाला 10 लाखांच्या वर माणसं मरतात त्याने, आणि जगातले पाव पेशंट तर आपल्याकडेच आहेत. माझी अख्खी नोकरी टीबी वॉर्डात गेली, मला विचार म्हणावं. तुझ्या वयाच्या, तुझ्याहून लहान मुली यायच्या, हातातल्या बांगड्या सरकून कोपरापर्यंत जायच्या इतक्या वाळलेल्या, आणि संध्याकाळी ताप चढला की गाल लाल, डोळे चमकदार, भेटायला आलेली माणसं म्हणायची आज काय फ्रेश दिसतेय. आणि शेवटी डॉक्टर गाण्यातच क्षय म्हणतो ना, ते काय खोडणार आहे का हा?

मला तर ती गोष्ट सरळ केसपेपरसारखी दिसते. दुसऱ्या अंकात ती आल्फ्रेदोबरोबर पॅरिसबाहेर गावात राहते, छान असते, खोकला नाही काही नाही. आमच्याकडे हे रोजचं. दोनेक महिने गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, वजन वाढतं, मग म्हणतात झालं आता, आणि 6 महिन्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडतात, किंवा सासरी कळायला नको म्हणून सोडतात, कारण गोळीने लघवी केशरी होते आणि ती लपवायची कशी. मग आजार परत येतो तो औषधाला दाद न देणारा. हे आजचं नाही तर काय आहे?

आणि खोकू नकोस गं फार. तुझ्या गळ्याला पण त्रास आणि खरं पण वाटत नाही. खरा पेशंट खोकला दाबतो, रुमाल तोंडाला लावून हळूच बघतो आणि घडी घालून मुठीत ठेवतो. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसतो, खांदे वर जातात, चार शब्द बोलून थांबतो. तू म्हणालीस तिथे गाणं पण तसंच तुटक लिहिलंय, मग वरून आणखी अ‍ॅक्टिंग कशाला? मोलकरीण ॲनिनाला मास्क द्यायला सांग, आल्फ्रेदोला नको, तो आल्या आल्या मिठीच मारणार.

ते शेवटचं, ती एकदम उठते, दुखणं थांबलं, अंगात ताकद आली, मी जगणार म्हणते आणि तिथेच कोसळते, ते तुला नाटकी वाटतं म्हणालीस. नाही बाळा. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ते मी बघितलंय. रात्रभर धाप लागलेली मुलगी पहाटे उठून बसायची, सिस्टर चहा द्या म्हणायची, आईला म्हणायची केस विंचर, आई खूश होऊन घरी फोन लावायची, आणि आम्ही सिस्टर लोक एकमेकींकडे नुसतं बघायचो. त्या वेळी तिला काही कळलेलं नसतं, ती खरंच बरी झालेली असते स्वतःपुरती. तेव्हा तिथे रडका चेहरा करू नकोस, खुशीतच गा.

डिरेक्टर मोठा माणूस असेल, तू नवीन, वाद घालू नकोस, पण रिपेटिटरला, पियानोवर तुमची तयारी करून घेतो त्याला, तरी आधी बोलून बघ, तो तुझ्या बाजूचा वाटतो. काय ठरलं ते रविवारी सांग. आणि रिहर्सलला पूर्ण आवाजात गात बसू नकोस, हळू आवाजात, मार्किंग का काय म्हणतेस ते कर.

आई