संशोधन डेटा सेवा : बैठकीला येण्यापूर्वी एवढे करावे

सर्व ग्रंथपाल सभासदांस,

पुढच्या बैठकीत ग्रंथालयातून संशोधन डेटा सेवा कशी सुरू करायची, यावर बोलायचे आहे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या संस्थेतील निदान दोन संशोधकांशी सविस्तर बोलून यावे. सर्व्हर किती मोठा हवा, हा प्रश्न नंतरचा. डेटा आज कुठे आहे, त्याची दुसरी प्रत आहे का आणि विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर ती फाइल कोणाला उलगडेल, हे आधी विचारा. ‘फायनल२_नवीन’ नावाची एक्सेल फाइल, त्यात ‘क३’ नावाचा रकाना आणि मोजमापाचे एककच नाही, असे सर्रास दिसते. असा डेटा जपूनही वाया जातो. सोबत रकान्यांचे अर्थ आणि एकके सांगणारी एक साधी रीडमी फाइल असती तरी काम भागले असते. माझ्या मते सेवेची सुरुवात इथूनच व्हावी.

२०१६ साली मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे वाचून यावीत. डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, हा त्यांचा गाभा. सगळे खुले करा, असे ती सांगत नाहीत. रुग्णांची किंवा मुलाखतींची माहिती असेल तर संमतिपत्रात काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

स्वतःचे डेटा भांडार नसल्यास अडून राहू नये. सर्न ही युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्था चालवत असलेल्या झेनोडो या ऑनलाइन भांडारावर डेटा विनामूल्य ठेवता येतो, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांकही मिळतो. संशोधकांशी झालेल्या बोलण्याची टिपणे मात्र न विसरता आणावीत.

— समन्वयक