चरित्रपटात कल्पित काय, ते सांगावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्याच्या सुट्टीत नातीला शनिवारवाडा दाखवायला नेले होते. १८२८ च्या आगीनंतर आतमध्ये दगडी जोती आणि कारंज्यांच्या खुणा एवढेच उरले आहे, ते पाहता पाहता तिने विचारले, "आजी, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या ती जागा कुठली?" 'बाजीराव मस्तानी' या चित्रपटात त्या दोघी घालतात तो पिंगा हा मंगळागौर जागवताना बायकांनी खेळायचा खेळ आहे, पण या दोघी एकत्र नाचल्याचा कोणताही आधार मिळत नाही, असे मी तिला समजावले. "पण सिनेमात तर दाखवलंय," एवढेच ती म्हणाली. २०१५ मध्ये त्या नृत्यावरून पुण्यात वाद पेटला, तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. वाद विरून गेला, दृश्य मात्र राहिले.

अख्खे आयुष्य अडीच तासांत बसवायचे तर दोन घटनांची एक करावी लागते आणि बंद दाराआडचे संवाद रचावेच लागतात, हे मला मान्य आहे. प्रभातने १९३६ मध्ये आपल्या पुण्यातच केलेल्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात. पण वैकुंठगमन ही वारकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, कथा रंगावी म्हणून कोणी लावलेले ठिगळ नव्हे. माझी हरकत आहे ती लेखी पुरावा बाजूला सारून सोयीचे चित्र उभे करण्याला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. त्यांच्या शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या गोपाळरावांनी लहान वयात आपल्याला मारले, हे त्यांनी अमेरिकेतून खुद्द गोपाळरावांनाच पत्रात लिहिले आहे. त्यांचे चरित्र पडद्यावर आणणाऱ्याने ते पत्र गाळून निव्वळ आदर्श पतीची कथा सांगितली, तर आनंदीबाईंचे स्वतःच्या हातचे शब्द पुसल्यासारखे होईल.

आरंभी क्षणभर झळकणारी 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' ही सूचना निर्मात्याला कोर्टकचेरीपासून वाचवते, प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी चित्रपट संपताच, श्रेयनामावलीच्या आधी, कोणते प्रसंग आणि कोणती पात्रे कल्पित आहेत ते सावकाश वाचता येईल असे मराठीत दाखवावे. याची सरकारी सक्ती मला नको. सक्ती आली की जो तो आपापली कात्री घेऊन पुढे येतो. मराठी निर्मात्यांनी आपणहून सुरुवात करावी. चित्रपटासाठी वर्षानुवर्षे अभ्यास केल्याचे जे दिग्दर्शक मुलाखतींत सांगतात, त्यांच्याकडे ही यादी तयारच असणार.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे