नाव झाकले, लॉग उघडा राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपीय कंपन्यांच्या संगणक यंत्रणा पुण्या-मुंबईतून सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला कधी गैरप्रकारांच्या तक्रारीचे पोर्टलही येते. तिथे 'तक्रारदाराचे नाव लपवले की झाले' ही समजूत घातक आहे.

गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला अशी सोय ठेवावीच लागते. पोच सात दिवसांत द्यायची आणि पुढे तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे. तक्रारदाराची ओळख फुटते ती मात्र भलतीकडेच. इटलीत पेरुजियाच्या रुग्णालयाला २०२२ मध्ये ४० हजार युरो दंड झाला. तिथे पोर्टल रुग्णालयाच्याच नेटवर्कवरून उघडायचे आणि तिथे कोण गेले याची नोंद फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रणेत, साठत होती. अर्जात नाव नसले तरी अशा आपोआप होणाऱ्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, माणूस सापडतो. म्हणून पोर्टलचा पत्ता फायरवॉल आणि प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारा मधला सर्व्हर) यांच्या नोंदींतून वगळावा. जोडलेल्या वर्ड फाइलमधले लेखकाचे नाव, फोटोतले ठिकाण आणि वेळ अपलोड होतानाच पुसावी. 'नवी तक्रार आली' या मेलमध्ये मजकूर घालू नये. तो बॅकअपमध्ये पडून राहतो.

ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही हक्क आहेत आणि ते असायलाच हवेत. जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, त्याची माहिती आपल्याकडे आल्याचे त्याला महिन्याभरात कळवायचे असते. पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर थांबता येते, मात्र कारण लेखी ठेवावे. त्याने कलम १५ खाली आपल्या माहितीची प्रत मागितली की घोळ होतो. तक्रारदाराचे नाव काळे करून कागद दिला जातो, पण 'त्या रात्रपाळीला आम्ही दोघेच होतो' हे वाक्य तसेच राहते आणि त्यावरून तक्रारदार ओळखू येतो.

कुणाचे आजारपण, घरची भांडणे असा तक्रारीशी उघडच संबंध नसलेला मजकूर लगेच पुसायचा. बाकी कागद जर्मनीत प्रकरण संपल्यावर तीन वर्षांनी काढून टाकायचे. इटलीत कमाल मर्यादा पाच वर्षांची.

भारतात बसून नुसता स्क्रीन उघडला, तरी तो डेटा युरोपबाहेर गेला असे धरतात. त्यासाठी डेटा बाहेर पाठवताना करारात घालायची युरोपीय संघाची २०२१ ची प्रमाणित करार-कलमे बहुधा लागतात, पण त्यावर सही झाली म्हणजे तक्रारी वाचायची मुभा मिळाली असे नाही. बिघाड दुरुस्त करताना बनावट नमुन्यावरच काम करावे. तिकिटाला (दुरुस्तीसाठी नोंदवलेल्या मागणीला) खऱ्या तक्रारीचा स्क्रीनशॉट जोडून आला, तर तो पुढे न पाठवता जबाबदार अधिकाऱ्याला कळवून तिकिटातून काढून घ्यावा.

– एक वाचक, पुणे