हौदावरच्या फेसाबद्दल

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

आंबोलीच्या घरामागील हौदावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लोंबतो आहे, तो फांदीसकट छाटावा का, असे तू विचारले आहेस. कृपा करून छाटू नकोस. तुझ्या वर्णनावरून ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे दिसते.

पश्चिम घाटाबाहेर न आढळणाऱ्या या बेडकाचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी १८७० साली केले. मोठी मादी सुमारे दहा सेंटीमीटरची. पाठ हिरवीगार आणि बोटांमधील पडदे नारिंगी-तांबडे. उंच फांदीवरून झेप घेताना हे पडदे ताणून तो नऊ-दहा मीटर सहज तरंगत जातो, आणि बोटांच्या टोकांवरील चकत्यांमुळे ओल्या पानावरही घट्ट बसतो. एरवी झाडांवर राहणारा हा प्राणी पावसाळ्यात विणीसाठी पाण्याजवळ उतरतो.

मादी आकाराने लहान असलेल्या नराला पाठीवर घेऊन पाण्यावर झुकलेल्या पानांपाशी येते, अंडी घालताना चिकट स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो रवीने घुसळावा तसा घुसळून त्याचा फेस करते. बाहेरचा थर वाऱ्याने सुकतो, आत मात्र ओल टिकते. शिवाय माशांच्या आणि पाणकिड्यांच्या तोंडून अंडी वाचतात. काही दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, फेस मऊ पडतो आणि ही शेपटीवाली पिल्ले, म्हणजे बेडूकमासे, थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणूनच जागेची निवड इतकी मोलाची. खाली पाणी नसेल तर सारी वीण वाया जाते. पुढे पाण्यातच त्यांना आधी मागचे, मग पुढचे पाय फुटतात, शेपूट आटते आणि इवले बेडूक काठावर चढतात.

सगळ्याच झाडबेडकांचे असे नसते. तुमच्याच गावाचे नाव लाभलेल्या, २००९ साली वर्णन झालेल्या आंबोली झुडूपबेडकाच्या अंड्यातून बेडूकमासा नव्हे, थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. त्याला हौदाची गरजच नाही. मला तोच अधिक हुशार वाटतो!

तेव्हा पावसाळा संपेपर्यंत हौद उपसू नकोस. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडायचा बेतही पुढे ढकल, कारण ते कोवळे बेडूकमासे खातात. फांदी छाटायचीच असेल तर हिवाळ्यात छाट, आणि तेव्हाही पाण्यावर आलेल्या दोन-तीन डहाळ्या राहू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव