तुझ्या फोनमध्ये मीही आहे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नव्या फोनमध्ये ॲप्सना कुठल्या परवानग्या द्याव्यात आणि कुठल्या नाकाराव्यात, असं तू विचारलंस आणि लगेच पुढे लिहिलंस, "तसं माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" नुसता प्रश्नच असता तर चार ओळींत उत्तर दिलं असतं. हे पुढचं वाक्य मात्र मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

लपवण्यासारखं काही नाही, हे तू तुझ्यापुरतं म्हणू शकतोस. पण तुझ्या फोनमध्ये तू एकटा कुठे आहेस? त्यात माझा नंबर आहे, पत्ता आहे, आपण वर्षानुवर्षं एकमेकांना लिहिलेलं सगळं आहे. तुझ्या बहिणीच्या मुलांचे फोटो आहेत, तुझ्या डॉक्टरांचं नाव आहे. एखादं ॲप कॉन्टॅक्ट मागतं तेव्हा होकार तू देतोस आणि जातं मात्र आम्हा सगळ्यांचं. आम्हाला कुणी विचारलेलंच नसतं. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण तुला आठवत असेल, फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणाऱ्या कंपनीचं. मार्च २०१८ मध्ये ते गाजलं तेव्हा बहुतेक चर्चा निवडणुकांभोवती फिरली. मी अडकलो ते दोन आकड्यांवर. ही माहिती जिथून आली ते फेसबुकवरचं व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं होतं. आणि माहिती किती जणांची गेली? फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत. हे बाकीचे सगळे म्हणजे चाचणी देणाऱ्यांचे मित्र. त्या काळी फेसबुकच्या नियमांत बसूनच ॲपला वापरणाऱ्याच्या मित्रयादीतल्या लोकांचीही माहिती उचलता येत होती. कुलूप कुणी फोडलं नव्हतं, दार फेसबुकनेच उघडं ठेवलं होतं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड केला. तो सरकारी तिजोरीत गेला. ज्यांची माहिती गेली त्यांच्या हाती काय आलं, याचा विचार केला की आजही चीड येते.

दुसरं उदाहरण आणखी जवळचं आहे, कारण ते रक्ताच्या नात्याचं आहे. लाळेच्या नमुन्यावरून डीएनए तपासून देणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या ग्राहकांच्या खात्यांत २०२३ साली हॅकर घुसले. थेट उघडली गेली ती सुमारे १४ हजार खाती. पण दूरचे नातेवाईक शोधून देणाऱ्या सोयीमुळे त्या खात्यांतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती दिसली. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांच्या जनुकीय माहितीसकट तिच्या विक्रीची बोलणी सुरू झाली. पासवर्ड बदलता येतो रे, फोन नंबरही बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही, आणि तो निम्मा आपल्या मुलांकडे गेलेला असतो.

तू म्हणशील, मी चांगल्या, मोठ्या कंपन्यांचीच ॲप्स वापरतो. त्यांच्या शब्दावर किती विसंबायचं, हेही बघ. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं तेव्हा युरोपीय आयोगाला, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी संस्थेला, सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप, खात्रीने जुळवणं आम्हाला शक्य होणार नाही. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपच्या अटी बदलल्या आणि फोन नंबर फेसबुकच्या खात्यांशी जोडण्याची वाट खुली झाली. चुकीची माहिती दिल्याबद्दल आयोगाने २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरो दंड केला. म्हणून आजच्या अटी वाचून मी निश्चिंत होत नाही. कंपनी विकली जाते, अटी बदलतात, मालक बदलतो. दिलेली माहिती मात्र तिथेच राहते.

गूगलचंही तेच. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी आपण कुठे आहोत याच्या नोंदी दुसऱ्या एका सेटिंगखाली, ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’खाली, साठतच होत्या. सामान्य माणूस एक बटण बंद करतो आणि झालं असं समजतो. त्याचं काय चुकलं? याच प्रकरणी २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली.

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की माहितीतून नाव काढून टाकलेलं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेला २०१३ चा एक अभ्यास आहे, सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाईलच्या नोंदींवरचा. माणूस कुठे आणि किती वाजता होता याचे फक्त चार ठिपके मिळाले तरी त्यातल्या ९५ टक्के लोकांना बाकीच्यांतून वेगळं ओळखता येत होतं. आणि रात्री फोन कुठे असतो, दिवसा कुठे, एवढं कळल्यावर नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? दर आठवड्याला तोच फोन एखाद्या कर्करोग रुग्णालयात जात असेल तर तेही कळतं. आजारपण घरच्यांना सांगायचं की नाही, हे त्या माणसाने अजून ठरवलेलंही नसतं, आणि कुठल्यातरी जाहिरातदाराच्या यादीत तो जाऊन बसलेला असू शकतो. लपवण्याचा प्रश्न इथे येतोच कुठे? आपली गोष्ट कुणाला, कधी सांगायची, हे आपण ठरवायचं, एवढंच तर मागणं आहे.

हे सगळं वाचून हात टेकू नकोस. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी होता. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली. आलेली फाईल बाराशेहून जास्त पानांची होती आणि त्याने खोडलेले निरोपही तिच्यात होते. त्याने तक्रारी केल्या, न्यायालयात गेला, आणि युरोपातली माहिती अमेरिकेत नेण्याची जी व्यवस्था होती ती २०१५ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. तिच्या जागी आणलेली दुसरी व्यवस्थाही २०२० मध्ये रद्द झाली. सुरुवात झाली होती ती ‘माझं काय साठवलंय ते दाखवा’ या मागणीने. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि त्यात मोठ्या उल्लंघनाला जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा कायद्यांशिवाय हे प्रकरण आवरणार नाही, असं माझं ठाम मत आहे. एकेकट्या माणसाच्या दक्षतेवर सगळा भार टाकणं अन्यायाचं आहे.

पण म्हणून आपल्या हातातलं सोडायचं कशाला? साधी विचारणासुद्धा किती फरक पाडते बघ. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनवर नियम केला की दुसऱ्या ॲप्स आणि वेबसाइटवर माग काढायचा असेल तर ॲपने आधी परवानगी मागायची. पुढच्याच वर्षी फेसबुकची मालक कंपनी मेटाने गुंतवणूकदारांना सांगितलं की यामुळे २०२२ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. लोकांना विचारलं, लोकांनी नाही म्हटलं, एवढंच घडलं होतं.

तर आता तुझ्या फोनबद्दल. सर्वांत आधी कॉन्टॅक्टची परवानगी बघ. ज्या ॲपचं कामच लोकांशी बोलण्याचं नाही, त्याला ती देऊ नकोस. तुझा फोन आयफोन असेल तर आयओएस १८ या त्याच्या प्रणालीपासून सगळी यादी न देता निवडक नावं देता येतात. लोकेशन ‘ॲप वापरताना’ एवढंच ठेव, आणि नकाशा सोडून बाकीच्यांना अचूक ठिकाण देऊ नकोस. अँड्रॉइड असेल तर जाहिरातींसाठीचा आयडी, म्हणजे जाहिरातदारांना तुझा फोन ओळखू देणारा क्रमांक, सेटिंगमधून काढून टाकता येतो. गूगलच्या खात्यात जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सोय आहे, तिथे तीन महिने निवड.

व्हॉट्सॲपबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. तिथले निरोप २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधे कंपनीला ते वाचता येत नाहीत, हे खरं. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं हे त्या कुलपाबाहेर राहतं. बॅकअपचं कूटबंधन (एन्क्रिप्शन), म्हणजे त्यालाही असंच कुलूप लावणं, तर स्वतः जाऊन सुरू करावं लागतं. तेवढं आजच कर, कारण त्या बॅकअपमध्ये माझीही पत्रं आहेत. आपल्या दोघांच्या गप्पांसाठी मला सिग्नल हे निरोपांचं दुसरं ॲप जास्त बरं वाटतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात त्यांच्याकडे खात्यांची माहिती मागितली गेली. त्यांच्यापाशी देण्यासारखं होतं ते खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच. साठवलेलंच नसेल तर कुणी मागून मिळणार कसं? या एका कारणासाठी मी तिकडे वळलो.

आणि एक काम कर, सवडीने. गूगल, फेसबुक, दोन्हीकडे आपली माहिती उतरवून घेण्याची सोय आहे. ती फाईल मागव आणि एकदा शांतपणे चाळ. तुझ्या नावावर काय काय नोंदवलंय हे तुझ्याच डोळ्यांनी बघशील तेव्हा माझ्या या पत्राची गरज उरणार नाही.

माझ्यासाठी एवढं कर, कॉन्टॅक्टमध्ये माझ्या नावापुढे पत्ता, जन्मतारीख, फोटो असं जे असेल ते काढून नुसता नंबर ठेव. तुझ्या नावापुढचं मी काढून टाकलं आहे. भाच्यांचे फोटो कुठे टाकण्याआधी ताईला एकदा विचारत जा. मुलांना अजून स्वतः ‘नाही’ म्हणता येत नाही.

सिग्नल घेतलंस की तिथेच निरोप टाक. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र