वॉरंटी संपल्यावर गाडी कुठे न्यावी?

संपादक महोदय,

वॉरंटी चालू असेपर्यंत गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच न्यावी, याबद्दल माझे दुमत नाही. सदोष भागासाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाडीचे काम तर तिथेच होते. प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. माझ्या गाडीतून वळताना टकटक आवाज येऊ लागला, तेव्हा सेंटरमधील सल्लागाराने गाडीखाली न वाकताच संपूर्ण ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले. ओळखीच्या मेकॅनिकने मात्र गाडी जॅकवर चढवली, चाक हाताने फिरवून पाहिले आणि सीव्ही जॉइंटचे, म्हणजे त्या शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचे, फाटलेले रबरी आवरण (बूट) व त्यातून चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले ग्रीस मला बोटाने दाखवले; तेवढा जॉइंट बदलला आणि आवाज थांबला.

अर्थात एअरबॅग किंवा एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कामासाठी योग्य स्कॅनर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतील बिघाड वाचणारे उपकरण, नसलेल्या गॅरेजवर विसंबणे धोक्याचे आहे, आणि प्रामाणिक मेकॅनिक हे स्वतःहून सांगतो. गाडी कुठेही दिली, तरी इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच आहे का ते पाहावे, काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि सुट्या भागांचे क्रमांक लिहिलेले बिल जपून ठेवावे. गाडी विकताना खरेदीदार पहिल्यांदा तेच मागतो.

आपला,
एक वाहनधारक